खिशातला पेन आणि हातातला पेन

पेन आमच्या घरात आला तो लिहायला नाही, लावायला.

माझा बाप गिरणीत बदली कामगार. अक्षराशी ओळख नाही. पण चौदा एप्रिलला पांढरा सदरा घालायचा आणि खिशाला पेन लावायचा. पेनात शाई नव्हती. टोपणाची क्लिप तेवढी लखलखायची. वस्तीतलं कोणी हसलं तर म्हणायचा, "अबे, पेन तं आहे ना खिशात. शाई माया पोट्टा भरन." आणि पगाराच्या दिवशी याच माणसाच्या अंगठ्याला निळी शाई लागायची. घरी आला की तो अंगठा राखेनं घासायचा. म्हणजे आमच्या घरात शाई पहिल्यांदा आली ती अंगठ्यावर.

हे सांगायचं कारण असं की वस्तीतल्या वाचनालयातली पोरं परवा मला विचारत होती, "काका, एकच पेन सांगा जी. रोजचं लिहिणंही झालं पाहिजे आन् चित्रंही काढता आली पाहिजे." प्रश्न साधा आहे. पण पेन आमच्यासाठी कधीच साधी वस्तू नव्हती. गावोगावच्या चौकात निळ्या कोटातले बाबासाहेब उभे आहेत. खिशाला पेन, काखेत पुस्तक. सहा डिसेंबरला हारफुलं, मेणबत्त्या नको, वही आणि पेन आणा, असं आपलीच माणसं आता सांगतात. त्यामुळे पेनाची पूजा करणं आपल्याला सोपं जातं. निवडणं अवघड जातं.

मी बर्डीवरच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदारानं पेटी उघडली, माझ्याकडं पाहिलं आणि अर्धी झाकली. "घ्यायचा आहे का पाहायचा आहे?" मी म्हटलं, निब शाईत बुडवून दोन ओळी काढून पाहू द्या. तो म्हणाला, "काका, लिहायलाच पाह्यजे तं बॉलपेन घ्या नं. हे गिफ्ट द्यायचे पेन आहेत." मी उठलो. मला माझी माय आठवली. माय विड्या वळायची. इतवारीत कैची घ्यायला गेली की पदरातून तेंदूचं ओलं पान काढायची, पत्र्याचं माप ठेवायची आणि कापून पाहायची. पान फाटलं की कैची परत. तिला कोणी म्हटलं नाही की ही गिफ्टची कैची आहे. अवजार पारखण्याचा हक्क कामकऱ्याचा असतो. पेन हे अवजार आहे. तेंदूच्या पानासारखा आपला कागद बरोबर न्या. निब नुसती बुडवू द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आता दोस्तहो, मी उलटीकडून सुरुवात करतो. आधी शाई, मग पेन.

जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या बुकात व्हायची. पुष्कळ गावांत कोतवाल आमच्यातलाच. बुक काखेत मारून तो कोसकोस चालत ठाण्यावर जायचा. कोण जन्मलं, कोण मेलं ते तोंडानं सांगायचा. लिहायचा दुसराच. पुस्तक आमच्या काखेत, पेन दुसऱ्याच्या हातात. आज तीच कोतवालपंजी आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आमच्या पोरांना शोधत फिरावं लागतं. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या नातीच्या कामासाठी आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या गावची नोंद काढली. कागद पिवळा, कडा झडलेल्या, वरून पाण्याचा डाग. पण एक ओळ शाबूत. माझ्या आज्याचं नाव, त्यापुढं जात. लिहिणाऱ्याचं अक्षर घाईचं होतं, पण शाई टिकली होती. ज्या शब्दानं आज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच शब्दाच्या शाईवर नातीचं ॲडमिशन टिकलं. मी ती ओळ कितीतरी वेळ पाहत राहिलो.

दुसरी गोष्ट २३ सप्टेंबर २०२३ ची. त्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नागनदीला पूर आला, घराघरांत पाणी शिरलं. माझ्या साडूचं घर नदीकाठी. पेटीतले कागद आम्ही दोरीवर वाळत घातले. शिसपेन्सिलीचं होतं ते राहिलं. बॉलपेनचं बरंचसं राहिलं. शाईपेनानं सुंदर अक्षरात लिहिलेल्या घराच्या हिशेबाच्या वह्या मात्र निळ्या पाण्यासारख्या झाल्या. वाचताच येईना.

याचं कारण साधं आहे. बाजारातली नेहमीची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी लागलं की तो पुन्हा विरघळतो. जुन्या दप्तरांतली निळी-काळी शाई वेगळी. ती माजूफळ-हिरड्यासारख्या तुरट वस्तूंचा अर्क आणि हिराकस यांच्या मेळातून होते. लिहिताना फिकी, वाळताना हवा लागून काळी होते आणि कागदाच्या धाग्यात बसते. तिसरी शाई काजळाची. काजळ आणि डिंक खलून केलेली. पोथ्या लिहिल्या त्या हिनंच. ज्या पोथ्यांना हात लावायची आम्हाला बंदी होती त्या शेकडो वर्षं टिकल्या, कारण काजळ पाण्यात विरघळत नाही आणि उन्हानं उडत नाही. आज शाईपेनासाठी पिगमेंटची काळी शाई मिळते. ती म्हणजे हेच काजळ, फार बारीक केलेलं. मी ती घेतली. पेनापेक्षा शाई महाग पडली. पडू द्या.

चित्रालाही हीच शाई लागते. रेघ काढून वरून पाण्याचा ब्रश फिरवला तर रंगाची शाई पसरते, चेहरा निळा होतो. काजळाची रेघ हलत नाही. अर्जालाही तीच, चित्रालाही तीच. एक पेन दोन्ही कामांना चालतो तो शाईमुळे.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. चित्रकलेच्या दुकानात ड्रॉईंगची वॉटरप्रूफ काळी शाई मिळते, ती पेनात घालायची नाही. बहुतेक तीत लाख असते. टाकानं लिहायला ती ठीक, पण शाईपेनात वाळली की पेन कायमचा बंद. दुसरं, पिगमेंटची शाई भरलेला पेन पडून ठेवायचा नाही. रोज चालवा, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवा. विळ्याला जशी धार लावतो तसं.

आता पेन. निबखाली जी काळी पट्टी असते तिला कोणी फीड म्हणतात, आम्ही जीभ म्हणायचो. तिच्यात केसासारखी खाच असते. खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हा व्यवहार बरोबरीचा असला तर पेन नीट चालतो. नागपुरात तो बिघडतो तो उन्हानं. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ वर गेला होता. ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनात नळीभर शाई मावते, हे चांगलं. पण अर्धी संपली की वरच्या हवेला हाताची आणि उन्हाची ऊब लागते, ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. कागदावर टप्पकन थेंब पडतो. चित्र गेलं. म्हणून ड्रॉपरवाला पेन उन्हाळ्यात भरलेला ठेवा आणि निब वर करून खिशाला लावा. बाहेर उन्हात बसून चित्रं काढणाऱ्यानं कन्व्हर्टरचा पेन घ्यावा. शाई कमी मावते, पण फुगायला हवाही कमी.

निब बारीक घ्या. आपल्या 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांची पोटं जाड निबेनं बुजतात, आणि सरकारी फॉर्मच्या चौकटी आपल्या नावापेक्षा लहान असतात. हल्ली टोकाला वाकवलेली चिनी निब मिळते. तिनं पेन आडवा केला की जाड, उभा केला की बारीक रेघ येते. चित्राला मजेदार आहे, पण फॉर्म भरायला कामाची नाही. साध्या बारीक निबेलाही एक युक्ती आहे. पेन उलटा धरा, जीभ वर आणि निब खाली. हात अगदी हलका ठेवा. केसासारखी रेघ येते. एका निबेत दोन रेघा. डोळ्याखालच्या सुरकुत्या मी अशाच काढतो.

मला रेघेची सवय लागली ती सायक्लोस्टाइलमुळे. आमच्या काळात अंकातलं चित्र मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरावं लागायचं. शाई नाहीच, नुसतं मेण खरवडायचं. काळा ठोकळा भरायला गेलं की स्टेन्सिल फाटायची. म्हणून सावली दाखवायची ती रेघांनी, एकीशेजारी एक. हात दाबला तर भोक, हलका ठेवला तर कोरा कागद. शाईपेनालाही असाच हात लागतो. बॉलपेन दाबावा लागतो, शाईपेन नुसता ठेवावा लागतो. तीनशे विडीनंतर मायची बोटं जशी आपोआप चालायची तसं.

देशी पेन घ्यावा का? आपल्याकडं हे काम जुनं आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून धंदा सुरू केला, त्यातून पुढं कॅम्लिन झाली. २०११ साली ती जपानच्या कोकुयोकडं गेली. राजमुंद्रीला रत्नम यांनी १९३२ च्या सुमाराला हातानं पेन घडवायला घेतले, स्वदेशीच्या हाकेतून. शंभर-दोनशे रुपयांत चालणारा पेन आजही मिळतो. त्यापेक्षा जास्त मोजू नका. महाग पेन हरवायची भीती असते, आणि भ्यालेला हात रेघ काढत नाही.

आणि लिहिणं-चित्र वेगळं असतं हे सांगितलं कोणी? संविधानाच्या ज्या प्रती २४ जानेवारी १९५० ला सह्यांसाठी समोर ठेवल्या त्या सगळ्या छापलेल्या नव्हत्या. त्यातली एक इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी टाकानं हाती लिहिली होती. पानं सजवली होती नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी. अक्षर आणि चित्र एकाच पानावर, आणि त्याच ग्रंथात बाबासाहेबांची सही. बाबासाहेबही उतारवयात चित्रकला शिकत होते.

मला याचा अर्थ कळला तो दीक्षाभूमीवर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्तूपाच्या बाजूला उभा राहून चित्र काढत होतो. घुमटाची कमान एका झटक्यात यावी म्हणून हवेत हात फिरवत होतो. एक म्हातारी गाठोडं टेकवून बसली होती. मी घुमट सोडून तिला काढायला लागलो. ती बघत राहिली. मग म्हणाली, "काय काढून रायले जी?"

"तुले काढून रायलो, माय."

तिनं कागद हातात घेतला. उलटा धरला, मी सरळ करून दिला. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "मी हाओ ते मले कळते. लोकाइले कसं कळन? खाली मायं नाव लिव ना बापा. गावाचंबी लिव."

मी लिहिलं. त्याच पेनानं, त्याच शाईनं. दरवर्षी पेपरात आपला फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं: जनसागर. सागराला नाव नसतं. नाव नसलेलं चित्र म्हणजे कोणीतरी एक म्हातारी. चेहरा नसलेलं नाव म्हणजे पंजीतली एक ओळ, तीही दुसऱ्यानं लिहिलेली. दोन्ही एका कागदावर आलं तेव्हा ती बाई पुरी झाली. तिचं नाव मी इथं देत नाही, ते तिच्या कागदावर आहे. कागद तिनं गाठोड्यात ठेवला, पाण्याच्या ओल्या बाटलीला लागून. मी काही बोललो नाही. शाई कोणती भरली आहे ते मला माहीत होतं.

तेव्हा पोरांनो, उत्तर एवढंच. टिकणारी शाई, बारीक पोलादी निब, कन्व्हर्टर आणि हरवला तरी चालेल असा पेन. खिशाला लावा, हरकत नाही, पण टोपण उघडं राहण्याचे तास वाढवा. बॉलपेननं काम भागत असेल तर बॉलपेन वापरा, त्याची लाज नको. दसऱ्याला मी स्तूपाच्या बाजूला उभा असेन. ज्याला हातात धरून पाहायचा असेल त्यानं यावं, मी निब बुडवू देतो. फक्त दाबू नका.