अठ्ठावीस घास



गेल्या महिन्यात एका लग्नात नात्यातल्या एका आक्कांनी मला खांबाआड ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय गं, बरी आहेस ना? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?" मी हसून म्हटलं, "आक्का, आजार नाही. वजन कमी केलंय, बावीस किलो." त्यांचा चेहरा एकदम बदलला आणि पुढचा प्रश्न आला, "कुठलं डाएट?"

हा प्रश्न आता इतक्या जणींनी विचारलाय की एकदाच सगळं लिहून टाकते. वजनापेक्षा मला माझ्या एका चुकीबद्दल जास्त सांगायचं आहे, कारण ती चूक आपल्यातल्या पुष्कळ जणी करत असाव्यात.

सुरुवात श्रवणबेळगोळला झाली. २०१८ साली महामस्तकाभिषेक होता. गर्दीत नको म्हणून आम्ही सांगलीच्या चौदा जणी दिवाळीनंतर गेलो. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट एक इंच आणि वजन शहाऐंशी किलो. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या, त्याही अनवाणी चढायच्या. मी बत्तीस चढले आणि खाली बसले. उजवा गुडघा पुढे जायलाच तयार नव्हता. डोलीवाले आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. मी नको म्हटलं. बाकीच्या दर्शन करून येईपर्यंत मी पायथ्याशी चपला राखत बसले. भगवान बाहुबलींच्या चरणांशी मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक लेख आहे, तो डोळ्यांनी बघायचा अशी कॉलेजपासूनची इच्छा होती. इतक्या लांब जाऊन ती तशीच राहिली.

घरी आल्यावर मी काय केलं? उपवास वाढवले. अष्टमी-चतुर्दशी होतीच, त्यात आणखी भर घातली. वजन उतरेल आणि पुण्यही लागेल, असा दुहेरी फायद्याचा हिशोब. आम्ही कॉमर्सवाले ना! पण वर्षभरात वजन दीड किलोने वाढलं.

आज मागे वळून पाहिलं की कारण स्पष्ट दिसतं. आपल्या उपवासात साबुदाणा, वरई असलं काही नसतं. उपवास म्हणजे उपवासच. पण धारणेच्या दिवशी मी काय जेवत होते? उद्या काही मिळणार नाही म्हणून पुरणपोळी, वर तूप. आणि पारण्याला? शिरा, दूध, मग तासाभराने "आता जरा जेवते" म्हणून पुन्हा ताट. एका दिवसाचा उपवास आणि दोन दिवसांची भरपाई. रात्रिभोजनाचा त्याग सोळाव्या वर्षापासून आहे, त्याचंही तेच. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग रात्री भूक लागली तर काय, या भीतीने दोन चपात्यांच्या जागी साडेतीन. कांदा-बटाटा खात नाही म्हणून आपलं जेवण हलकं असंही मला वाटायचं. कच्च्या केळ्याच्या वेफर्सचा डबा मात्र आमच्या घरी कधी रिकामा नसे.

साखर २०१४ पासून होती. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की यातली एक गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. मी मान हलवली होती आणि विसरले होते.

सप्टेंबर २०२१, दशलक्षण पर्व. दहा दिवस एकाशन धरलं होतं, औषध-पाण्याची सूट ठेवून. आठव्या दिवशी दुपारी एकदा जेवले, तेही कमीच, आणि सूर्यास्तापूर्वी नेहमीसारखी गोळी घेतली. रात्री अकराच्या सुमारास जाग आली तर अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. ह्यांना हाक मारली, पण शब्द नीट फुटेना. सूनबाई धावत आली. तिने बोटाला सुई टोचून यंत्रावर बघितलं. साखर बावन्न. तिने साखरेचं पाणी केलं आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड घट्ट मिटलं. मान हलवत राहिले. रात्र आहे, नियम आहे, एवढं एकच मला कळत होतं. शेवटी ती पोर रडायला लागली. म्हणाली, "आई, तुमचं पाप मला लागू दे, पण प्या." आणि मी प्याले.

पंचेचाळीस वर्षांचा नियम त्या रात्री मोडला. सकाळी बरं वाटत होतं, पण मी मंदिरात गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

त्या वर्षी आमच्या भागात एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. पर्व संपल्यावर त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. माताजींनी णमोकाराच्या माळा सांगितल्या. मग विचारलं, "सोळाकारण भावना म्हणतेस ना रोज? त्यात तपाच्या आधी कुठला शब्द आहे?" मी म्हटलं, "शक्तितस्तप." "मग शक्ती बघितलीस का?" मी गप्प. पुढे त्यांनी बारा तपांची नावं म्हणायला लावली. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान... "थांब," त्या म्हणाल्या. "पहिलं तू पुष्कळ केलंस. दुसरं कधी केलंस?"

मैत्रिणींनो, कधीच केलं नव्हतं. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. ताट समोर आहे, भूक आहे, कोणी अडवत नाही आणि आपण दोन घास आधी उठायचं. त्याची पत्रिका निघत नाही. त्याला कोणी हार घालत नाही. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा सांगितला आहे. त्याहून कमी घेतलं की अवमौदर्याला सुरुवात. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली ही गोष्ट माझ्या ताटाला कधी लावून बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनातल्या मनात मोजत जेवले. त्रेपन्न घास झाले.

मग आधी डॉक्टरबाईंकडे गेले आणि खरं खरं सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि उपवास बंद करायला सांगितले. "रोज तिन्ही वेळा थोडं खायचं, ते सूर्यास्तापूर्वी संपवा, मला काही अडचण नाही," म्हणाल्या. उपवास बंद, हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पण त्या रात्रीचा सुनेचा चेहरा आठवला आणि हो म्हटलं.

आता तुम्हाला हवं असलेलं सांगते. डाएट असं काही नाही. घरचंच जेवण, घास मोजून. पहिल्या आठवड्यात त्रेपन्नाचे पंचेचाळीस केले, मग चाळीस. अठ्ठावीसवर यायला पाच महिने लागले. ताटात आधी शिजवलेले मूग, मटकी किंवा हुलगा आणि भरपूर भाजी. दोडका, दुधी, गवार, पडवळ. भाकरी शेवटी. आधी भाकरी आणि तोंडी लावायला भाजी असं होतं, ते उलटं केलं. डाळ-कडधान्याकडे डॉक्टरबाईंचं फार लक्ष होतं, कारण या वयात नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल लागायचं, ते साडेतीनवर आलं. वेफर्सचा डबा घासून माळ्यावर ठेवला.

एका वहीत रोजचं वजन आणि घास लिहायला लागले, जमाखर्चासारखं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. रोज पाचशे कमी घेतल्या तर पंधरा दिवसांत एक किलो, असा माझा ताळेबंद तयार! पण तो कधीच जुळला नाही. आवक कमी झाली की शरीरही खर्च आखडतं, एखाद्या हुशार गृहिणीसारखं. एकदा तर अडीच महिने काटा एकाहत्तरवर ठाण मांडून होता. त्या दिवसांत वही फेकून द्यावीशी वाटायची. तेव्हा ह्यांनी एक चांगलं केलं. काही बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी चालायला बरोबर आले.

चालणंही एकदम नाही. आधी खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचे आणि गुडघ्याखाली उशी ठेवून दाबायची. मंदिर आमच्या घरापासून सातशे मीटर, तिथे मी रिक्षाने जायचे. आधी जाताना रिक्षा, येताना पायी. मग दोन्ही वेळा पायी.

सव्वीस महिन्यांत शहाऐंशीचे चौसष्ट झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.९ होती, ती ६.२ वर आली. साखरेच्या दोन गोळ्यांतली एक बंद झाली, दुसरी निम्मी झाली. रक्तदाबाच्या दोनाच्या जागी एक. हे सगळं डॉक्टरांनी तपासून केलं, मी मनाने एकही गोळी सोडली नाही. घोरणं थांबलं, हे ह्यांचं सर्टिफिकेट. गुडघ्याचं गणित मला सगळ्यात आवडलं. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. जुनी मी अख्खीच्या अख्खी गुडघ्यावरून खाली उतरले!

सगळं गोड नाही, तेही सांगते. मध्ये केस फार गळले. दंडाची कातडी लोंबते, ब्लाउज पुन्हा शिवावे लागले. बी-१२ कमी निघालं. आपण शाकाहारी, त्यात साखरेची ती गोळी अनेक वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. तुमच्यापैकी ज्या घेतात त्यांनी जरूर तपासून घ्या. गुडघ्याची झीज भरून येत नाही. एक्स-रे तसाच आहे, दुखणं मात्र कमी आहे.

आणि एक दुखतं ते वेगळंच. दरवर्षी पर्वानंतर मंदिरात तपस्वींचा सत्कार होतो. पूर्वी माझं नाव असायचं. आता मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसते. पहिल्या वर्षी फार जड गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "यंदा काही केलं नाही वाटतं?" मी म्हटलं, "नाही." त्या दिवशी दुपारी चोवीस घासांवर उठले होते, पण ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यातलं काय उरलं असतं, कोण जाणे. आज इथे तुम्हाला सांगतेय, त्याबद्दल क्षमा असावी.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा श्रवणबेळगोळला गेलो. मी, हे, सूनबाई आणि नातू. खडक तापायच्या आत म्हणून पहाटेच निघालो. बत्तीसाव्या पायरीवर मी थांबले. सुनेला वाटलं दम लागला. "काही नाही, इथे बसले होते एकदा," म्हटलं. वाटेत अकरा वेळा थांबले, कठडा धरला, पण वर पोचले.

सत्तावन्न फुटांची ती मूर्ती पहिल्यांदा समोर आली तेव्हा माझी नजर आधी वर गेलीच नाही. पायांवर गेली. पायांवरून चढलेल्या वेली, बाजूची वारुळं. वर्षभर एका जागी उभं राहून तप केलेलं ते शरीर. आणि पायांशी ती मराठी अक्षरं. नातवाने विचारलं, "आजी, काय लिहिलंय?" मी त्याला वाचून दाखवलं.

पुढचा महामस्तकाभिषेक २०३० साली असेल. तेव्हा मी सत्तर वर्षांची असेन. गुडघा टिकला तर जाईन. आज सकाळी काटा पासष्ट दाखवत होता, म्हणजे दिवाळीचा एक किलो अजून अंगावर आहे.

उपवास करणाऱ्या माझ्या बहिणींची मी मनापासून अनुमोदना करते. फक्त ज्यांना साखरेची गोळी चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा. आणि उद्या दुपारी एकदा, कोणाला न सांगता, आपले घास मोजून बघा.

जय जिनेंद्र.