बीदरचे सूर्यकिरण

बीदर म्हटले की बहुतेकांना बहामनी किल्ला आणि बिदरी नक्षीची भांडी आठवतात. आम्हा बीदर जिल्ह्यातल्या मराठी घरांत या शहराची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे विमानांचा आवाज. बीदरला हवाई दलाचा तळ आहे आणि तिथे तरुण वैमानिकांना शिकवले जाते. भालकीकडच्या शेतांवरून एखादे विमान गेले की आमच्या घरची वडीलधारी माणसे वर न बघताच "पोरं शिकायलीत" म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. याच बीदरमध्ये १९९६ साली 'सूर्यकिरण' हे हवाई कसरतींचे पथक उभे राहिले. त्यामुळे देशाला ते टीव्हीवर दिसते, आम्हाला ते गल्लीतले वाटते.

यंदा वर्गात या पथकाचा विषय निघाला तेव्हा एका कॅडेटने उभे राहून विचारले, "सर, लढाईत कुणी आकाशात तिरंगा काढत नाही. मग हे पथक कशाला?" आणि जरा थांबून, हळू आवाजात, "त्यात माणसंही गेलीत ना?" त्याचे वडील हवाई दलात आहेत. तेवढ्यात तासाची घंटा झाली. असा प्रश्न दोन वाक्यांत संपवण्यासारखा नव्हता, म्हणून उत्तर या पानावर लिहीत आहे.

सूर्यकिरणच्या आधी आपल्याकडे 'थंडरबोल्ट्स' हे पथक होते. १९८२ साली हवाई दलाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा विसाव्या स्क्वाड्रनच्या हंटर विमानांचे हे पथक तयार झाले. निळ्या-पांढऱ्या रंगाची नऊ हंटर एकत्र उडत. हंटर हे खरे लढाऊ विमान, पण त्याचे वय होत चालले होते. ऐंशीचे दशक सरता सरता ते पथक थांबले.

पुढचे पथक आले ते 'किरण' या प्रशिक्षण विमानांवर. सूर्यकिरण या नावात किरण आहे, तो असा. हे विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवले आणि त्याचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. त्याची रचना ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली ते डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर भागातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला हा मराठी माणूस. मराठी पान वाचणाऱ्या प्रत्येक कॅडेटला हे नाव ठाऊक असायला हवे.

विंग कमांडर कुलदीप मलिक हे सूर्यकिरणचे पहिले प्रमुख. सुरुवात थोड्या विमानांनी झाली आणि सराव वाढत गेला तशी संख्या नऊवर पोहोचली. लाल-पांढऱ्या रंगाची ही विमाने देशभर फिरली. २००६ साली पथकाला स्क्वाड्रनचा दर्जा मिळाला आणि ते ५२ वे स्क्वाड्रन झाले. 'सदैव सर्वोत्तम' हे त्यांचे ब्रीद.

नऊ विमाने एकत्र उडतात म्हणजे नेमके काय होते, तेही सांगतो. दोन विमानांतले अंतर पाच मीटरपेक्षाही कमी असते. आपल्या वर्गाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जा, त्याहूनही कमी. पुढच्या विमानातला प्रमुख जमीन, वारा, ढग आणि उंची बघतो. बाकीच्यांनी जमिनीकडे बघायचे नसते. प्रत्येकाची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणेवर असते. ती खूण जागेवर राहिली, म्हणजे आपण जागेवर आहोत. प्रमुखाने लूप घेतला की सगळे उलटे होतात, आणि त्या क्षणीही कुणी मान वळवून जमीन शोधत नाही. ड्रिलमध्ये 'दाहिने सज' म्हटल्यावर आपण जे करतो, तेच हे. फक्त इथे चूक झाली तर उस्ताद पुन्हा करून घेत नाहीत.

हे नुसते देखावे नव्हेत. जवळून, एकमेकांच्या आधाराने उडणे हा लढाऊ वैमानिकाच्या शिक्षणाचा भागच आहे. ढगांत शिरलेल्या जोडीतल्या दुसऱ्याला अनेकदा पहिल्याच्या पंखाशिवाय काही दिसत नाही. सूर्यकिरणमध्ये तीच विद्या टोकापर्यंत नेलेली असते. पथकात येणारे वैमानिक स्वतःहून पुढे येतात, आणि त्यांतले बरेच जण मुळात उड्डाण शिकवणारे शिक्षक असतात. ठरावीक काळ इथे उडून ते पुन्हा आपल्या कामावर परततात.

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येतो. हो, माणसे गेली. मार्च २००६ मध्ये बीदरजवळ सराव करताना विमान कोसळले आणि दोन वैमानिक गेले. जानेवारी २००९ मध्ये पुन्हा बीदरजवळच आणखी एक गेले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरला येलहंकाच्या आकाशात, 'एरो इंडिया'च्या आदल्या दिवशी, सराव करताना दोन विमाने एकमेकांवर आदळली. दोघे वैमानिक बाहेर पडू शकले, विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. यातली एकही घटना टाळ्यांच्या कडकडाटात घडलेली नाही. तिन्ही सरावातल्या. या माणसांच्या घरच्यांना कुठला कार्यक्रम किती रंगला हे सांगून समजूत घालता येणार नाही, आणि मीही तुला तसे सांगणार नाही.

पण याच इतिहासात एक वर्ष असे आहे, जे मला प्रत्येक कसरतीपेक्षा मोठे वाटते. ते म्हणजे २०११.

नव्या कॅडेटना पहिले धडे देणारी एचपीटी-३२ ही विमाने २००९ च्या जुलैमधल्या जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर उभी करण्यात आली. शिकणारी मुले होती, शिकवणारे होते, विमाने कमी पडत होती. किरण विमानांवर सगळा भार आला. तेव्हा हवाई दलाने निर्णय घेतला की सूर्यकिरणची विमानेही प्रशिक्षणाला द्यायची. फेब्रुवारी २०११ च्या 'एरो इंडिया'त पथकाने किरण विमानांवरचे शेवटचे प्रदर्शन केले आणि पथक थांबले. पंधरा वर्षे घडवलेली गोष्ट, लोकांच्या कौतुकाची, दलाच्या अभिमानाची. ती बाजूला ठेवली, कारण तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलांना शिकायला विमान हवे होते.

पुढे २०१३ मध्ये पिलाटस ही नवी प्रशिक्षण विमाने आली. मग २०१५ मध्ये हॉक विमानांवर सूर्यकिरण पुन्हा सुरू झाले, अवघ्या चार विमानांनी. हॉक वेगळे, वेगवान. जुनी सवय जशीच्या तशी उपयोगाची नव्हती. पायरी पायरीने संख्या पुन्हा नऊ झाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी तुम्ही सर्वांनी जी विमाने पाहिली, ती हीच.

तर बाळा, माझे उत्तर असे. आकाशात तिरंगा काढून लढाई जिंकता येत नाही, हे तुझ्याआधी हवाई दलाला ठाऊक आहे. म्हणून तर गरज पडली तेव्हा त्यांनी आधी शिकणाऱ्यांना विमाने दिली. कशाला किती महत्त्व द्यायचे हे ज्यांना कळते, त्यांच्या हाती कसरत ही चैन राहत नाही. आपण एकमेकांवर किती विसंबू शकतो, याची ती उघड्यावर, सगळ्यांसमोर दिलेली परीक्षा असते. ही परीक्षा देताना जे गेले, त्यांनी धोका ओळखून होकार दिला होता. त्यांच्याविषयी बोलताना आवाज हळू होणे योग्यच आहे. प्रश्न विचारणे मात्र सोडू नकोस. उद्या तू स्वतः त्या रांगेत उभा राहिलास, तर हा प्रश्न मनात ठेवूनच हो म्हण किंवा नाही म्हण. दोन्ही उत्तरांना मान आहे.