लाल, पिवळं, निळं

कुकरच्या शिट्टीकडे इंजिनियरच्या नजरेने कधी बघितलंय? आत बाहेरच्यापेक्षा साधारण 1 बार जास्त दाब, भांड्याचा व्यास 220 मिमी आणि पत्र्याची जाडी 3 मिमी समजा. दाब गुणिले व्यास, भागिले दुप्पट जाडी. ताण आला चौरस मिलिमीटरला जेमतेम 3.7 न्यूटन. उभ्या दिशेला त्याच्या निम्मा. ॲल्युमिनियमला हे किस झाड की पत्ती! बसच्या तिकिटामागे मावेल एवढंच गणित.

मग फायनाइट एलिमेंट कशाला? तर हे सूत्र चालतं फक्त सरळ नळकांड्याला. तळाचा कोपरा, झाकणाची कड, शिट्टीचं भोक आलं की ताण एकदम चढतो आणि सूत्र हात वर करतं. कारखान्यातल्या प्रेशर व्हेसलला तर पाइप जोडायची नॉझल्स, मॅनहोल, खालचे पाय, सगळंच असतं. म्हणून मग आख्ख्या वस्तूचे हजारो छोटे तुकडे करायचे (यालाच मेश म्हणतात), प्रत्येक तुकडा किती ताठ आहे ते मांडायचं आणि निघालेली हजारो समीकरणं कॉम्प्युटरच्या गळ्यात मारायची. 1960 मध्ये बर्कलीच्या रे क्लफ यांनी या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं.

शेवटी स्क्रीनवर एक रंगीत चित्र येतं. लाल म्हणजे ताण जास्त, निळं म्हणजे कमी. खरा धोका इथे आहे. कारण मेश चुकीचा असला तरी चित्र तितकंच सुंदर येतं!

नॉर्वेतल्या 'स्लाइप्नर ए'चं उदाहरण घ्या. उत्तर समुद्रात 82 मीटर खोल पाण्यात उभा राहणारा हा प्लॅटफॉर्म. त्याचा पाया काँक्रीटचा, आत 24 मोठे पोकळ कप्पे. तीन कप्पे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मधे एक छोटी तिकोनी जागा उरते. ती वरून उघडी, म्हणजे तिच्यात समुद्राचं पाणी. भिंतीपलीकडचा कप्पा मात्र कोरडा. 23 ऑगस्ट 1991 ला स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी हा पाया हळूहळू पाण्यात उतरवत होते. त्या भिंतींवर साधारण 65 मीटर पाण्याचा दाब आल्यावर एक भिंत फुटली. पंपांना पाणी आवरेना. माणसं सुखरूप बाहेर पडली, पण पाया बुडाला आणि तळाशी आदळल्याचा धक्का भूकंपमापकावर 3 रिश्टर एवढा नोंदला गेला. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलर.

चौकशीत काय निघालं? नेमक्या त्या तिकोनी भागाचा मेश ढोबळ आणि वेडावाकडा होता. त्यामुळे भिंतीतला कातरताण 47 टक्के कमी दिसला. त्यात तिथल्या सळयाही नीट रुतवलेल्या नव्हत्या. भिंत पातळ राहिली, सळया अपुऱ्या पडल्या.

मला यातली अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. 65 मीटर पाणी म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 65 टन. भिंत दोन्ही टोकांना धरलेली, म्हणजे निम्मा भार या टोकाला, निम्मा त्या टोकाला. तोच कातरभार. याला मेश लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. टोकांवरचा भार आणि पाण्याचा भार जुळतोय का, एवढंच बघायचं. पुन्हा तिकिटामागचं गणित!

पद्धत वाईट आहे असं मात्र नाही हं. अपघातानंतर नीट केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटरला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली 65 ला! हत्यार चोखच होतं. (पुढे नवा पाया बांधून 1993 मध्ये प्लॅटफॉर्म सुरूही झाला.)

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटावं. प्रोग्रॅम न अडखळता चालला म्हणजे उत्तर बरोबर, असं थोडंच असतं? सॉफ्टवेअर आपण दिलेल्या मॉडेलचं उत्तर देतं, वस्तूचं नाही. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहावं. मेश दुप्पट बारीक करून आकडा हलतो का ते बघावं. आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराएवढी येते ना, तेही तपासावं. या तिन्हीला मिळून फार तर एक दुपार जाते.

आणि हो, कागदावरचा आकडा आणि चित्रातला आकडा जुळले नाहीत, तर आधी चित्रावर संशय घ्यायचा. ते कितीही छान दिसत असलं तरी.