अज्ञान देव आणि सज्ञान मी

देव सर्वज्ञ आहे, असं आजी सांगायची. आमचे शेजारी वकीलसाहेब मात्र सांगतात की कायद्याच्या दृष्टीने देवाची मूर्ती ही व्यक्ती खरी, पण अज्ञान! अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे हो. सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात ना, त्यातला अज्ञान. युगानुयुगं कमरेवर हात ठेवून उभे राहिलात तरी कायद्याच्या लेखी तुम्ही अठराचे काही होत नाही.

पण हे बाळ मोठं व्यवहारी आहे. त्याच्या नावावर जमीन असते. ते कोर्टात दावा लावतं, प्रसंगी हरतंसुद्धा. देवाच्या उत्पन्नावरही प्राप्तिकर लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली दिला; भरायचा अर्थात सेवेकऱ्यांनी. हे कळल्यापासून मला देवाबद्दल पूर्वीपेक्षा जास्त आपुलकी वाटू लागली आहे.

त्याहून गोड गोष्ट कलकत्त्याच्या मलिक घराण्याची. कुलदेवाच्या पूजेची पाळी भाऊबंदांत वाटलेली. आपली पाळी आली की देव आपल्या घरी न्यायचा, असं एकाचं म्हणणं. बाकीच्यांचा विरोध. भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेलं. 1925 साली तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितलं की देव म्हणजे खुर्ची-टेबल नव्हे. कुठे राहायचं याबद्दल त्याची इच्छा काय, तेही पाहिलं पाहिजे, आणि त्याच्या वतीने बोलायला एक तटस्थ वादमित्र नेमला पाहिजे. आमच्या आळीतही कितीतरी म्हातारे आईबाप तीन-तीन महिन्यांच्या पाळीने मुलांकडे फिरतात. त्यांची इच्छा कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

देवानंतर नद्यांचा नंबर लागला. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला आणि सरकारी अधिकारी त्यांचे पालक नेमले. सरकारची झोप उडाली. उद्या पूर आला आणि लोकांनी गंगेकडे नुकसानभरपाई मागितली, तर द्यायची कुणी? जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि दोघी बहिणी पुन्हा नुसतं पाणी झाल्या.

तुम्ही म्हणाल, माणसाला तरी ही कटकट नाही. तो जन्मतःच व्यक्ती! तर मग आझमगढच्या लाल बिहारींना विचारा. जमिनीच्या लोभाने नातेवाइकांनी त्यांना सरकारी दप्तरात मारून टाकलं. गृहस्थ श्वास घेतोय, जेवतोय, ओरडतोय. पण कागद म्हणतो, वारला. त्यांनी नावामागे 'मृतक' लावलं, निवडणुका लढवल्या, बायकोसाठी विधवा-पेन्शनचा अर्जही केला. अशाच जिवंत मृतांचा एक संघ काढला. 1994 साली सरकारने त्यांना जिवंत केलं, तोवर उमेदीची वर्षं संपली होती. दगडाची मूर्ती अज्ञान म्हणून का होईना, व्यक्ती; आणि हा सज्ञान माणूस कुणीच नाही!

माझं प्रकरण त्यामानाने किरकोळ. मला वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, जिवंत व्हावं लागतं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला हो! गेल्या खेपेला बँकेतल्या मुलीने मशीन पुढे केलं. दहाही बोटं टेकवून झाली.

"काका, तुमचे ठसे येत नाहीत."

"पण मी आलोय ना!"

"तुम्ही येऊन काय उपयोग?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमची सौ. उठली. "अहो बाई, मी सांगते, हे जिवंत आहेत. चाळीस वर्षं बघतेय मी." मुलगी हसली. तिने मशीनची काच पुसली, माझं बोट धरून नीट दाबलं, आणि मशीनने एकदाचं मला कबूल केलं.

तेव्हा उमगलं. कायद्याला नुसता श्वास पुरत नाही. आपल्या वतीने बोलणारं कुणीतरी लागतं. देवाला सेवेकरी, नदीला अधिकारी, मला ही. लाल बिहारींना आपली बाजू स्वतःच मांडावी लागली, म्हणून इतकी वर्षं गेली.

फक्त एक अडचण आहे. वादमित्राचा प्रकरणात स्वार्थ असता कामा नये, असं वकीलसाहेब म्हणतात. आता माझी पेन्शन थांबली तर घरात डाळतांदूळ कुठून येणार? म्हणजे हिचा चांगलाच स्वार्थ आहे. पण तेवढं आपण कोर्टाला सांगायचं नाही.