थोडी थोडी येते!

अप्रेझलचा सीझन आला की आमच्या एचआरकडून एक एक्सेल शीट येते. स्किल्स, प्रोजेक्ट्स, सर्टिफिकेशन्स... आणि सगळ्यात खाली 'लँग्वेजेस नोन'. पुढे तीन चौकोन. रीड, राइट, स्पीक. मराठी, हिंदी, इंग्लिश... टिक, टिक, टिक. दहा सेकंदांत काम फत्ते. चौथ्या ओळीवर मात्र माझा कर्सर नुसता लुकलुकत राहतो.

कारण चौथी ओळ जर्मनची.

जर्मनचं ए-टू लेव्हलचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. चांगलं लॅमिनेट करून ठेवलंय. दर शनिवार-रविवार उल्हासनगर कॅम्प ५ ते दादर, लोकलमध्ये उभ्याने पाठ केलेलं डेअर-डी-दास, घरी येऊन होमवर्क. एवढं सगळं केल्यावर टिक करायचा हक्क माझा नाही तर कुणाचा? तीन वर्षांपूर्वी मी तिन्ही चौकोन बिनधास्त भरले. त्यात थोडा स्वार्थही होता. टीममधून एकाला स्टुटगार्टला पाठवायचं घाटत होतं.

पंधरा दिवसांत मॅनेजर डेस्कशी हजर. "तू जर्मन बोलतेस ना? आज क्लायंट कॉलवर ये."

मी दोन वाक्यं घोकून गेले. दोन्ही एकदम परफेक्ट म्हटली. आणि मग पलीकडून उत्तर आलं! आम्हाला क्लासमध्ये कॅसेट दोनदा ऐकवायचे. इथे कोण दोनदा ऐकवणार? जर्मनमध्ये क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी येतं. मी त्याची वाट बघत बसले आणि तेवढ्यात वाक्यच संपलं. कॉलवर भयाण शांतता. मग पलीकडचा गृहस्थ अतिशय सभ्यपणे इंग्लिशमध्ये म्हणाला, "आपण इंग्लिशमध्ये बोलू या का?"

तो हसला असता तर चाललं असतं. ती सभ्यताच जास्त लागली. स्टुटगार्टला गेला तो आमचा दुसराच कलीग. त्याला जर्मनमधलं 'थँक यू' सुद्धा येत नव्हतं, पण त्याने तसा दावाही केला नव्हता.

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतोय. एखादी भाषा 'येते' असं आपण नक्की कधी म्हणायचं?

याचं अधिकृत उत्तर आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये एक चौकट छापली. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर तुम्ही काय 'करू शकता' याची यादी. माझ्या ए-टूवाल्याला रोजच्या ओळखीच्या विषयांवर साधी देवाणघेवाण जमावी, इतकीच अपेक्षा. क्लायंट कॉल त्यात कुठेच बसत नाही. म्हणजे सर्टिफिकेट खरं होतं, खोटी होती ती माझी टिक. दोन पायऱ्या वर बी-टू आहे. तिथलं वर्णन मला फार आवडलं. त्या भाषेच्या माणसाशी बोलताना दोघांपैकी कुणालाही ताण पडू नये. दोघांपैकी, बरं का! म्हणजे मला सोपं गेलं एवढ्यावर भागत नाही, समोरच्यालाही सोपं जायला हवं.

आणि इथेच मला शेजारच्या अम्माची आठवण झाली.

आमचं घर कॅम्प ५ मध्ये. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, म्हणून आम्ही इथले. आमच्या गावाला आजही पत्त्यात 'कॅम्प' लागतो. कारण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. अम्मा शिकारपूरची. आठ वर्षांची असताना कराचीहून बोटीने आली आणि बराकीतल्या एका खोलीत वाढली. आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आल्यावर मी अम्माकडे. कोकी, साई भाजी आणि सिंधी, तिन्ही तिथेच गिळलं.

सिंधी मला कुणी शिकवली नाही. लहानपणी तर ती वेगळी भाषा आहे हेच कळत नव्हतं. त्यांचंही 'आहे' म्हणजे आपलं 'आहे'च. पाण्यालाही आपल्यासारखं 'पाणी'च म्हणतात, हिंदीसारखं 'पानी' नाही. फसगत व्हायची ती उच्चारांत. सिंधीत ग, ज, ड, ब या चार अक्षरांची एकेक जुळी बहीण आहे, श्वास आत ओढून म्हणायची. देवनागरीत लिहिताना खाली रेघ देतात. 'ॿार' म्हणजे मूल आणि साधा 'बार' म्हणजे ओझं. एकदा मी अम्माच्या बहिणीला मोठ्या कौतुकाने विचारलं, मुलं कशी आहेत? तिला ऐकू आलं, ओझी कशी आहेत? तिला तीन मुलगे. ती म्हणाली, अगदी बरोबर विचारलंस!

पण बाजारात माझी सिंधी कधी चाललीच नाही. मी "हीउ घणे जो आहे?" विचारलं की दुकानदार चेहरा बघून म्हणणार, "ढाई सौ, मॅडम." स्टुटगार्टवाल्यासारखेच तेही सभ्य. माझ्या सोयीसाठी भाषा बदलायचे. अम्माचा नातू माझ्याच वयाचा. तो आजीला उत्तर हिंदीतच देतो, पण फॉर्मवर 'मदर टंग : सिंधी' लिहिताना त्याचा कर्सर एक सेकंदही अडकत नाही. एक अम्माच तेवढी माझ्याशी कधी भाषा बदलत नाही.

गेल्या पावसाळ्यात अम्माला रात्री सणसणून ताप भरला. मुलगा-सून लग्नाला इंदूरला गेलेले. नातू आणि मी तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. तो काउंटरवर फॉर्म भरत होता, मी आत अम्माजवळ. तापात तिची हिंदी पार गळून पडली होती. नुसती सिंधी चालली होती. डॉक्टर तरुण होता, त्याला एक अक्षर कळेना. त्याने मला विचारलं, "आज बीपीची गोळी घेतलीय का?" मी अम्माला विचारलं. ती हात हलवत पुटपुटली, "सुभाणे..."

सुभाणे. सुबह. सकाळी!

"सकाळी घेतलीय," मी कॉन्फिडंटली सांगून टाकलं. डॉक्टरने लिहून घेतलं.

बाहेर आले, बाकावर बसले आणि एकदम आमच्या गल्लीतला टेलर आठवला. लहानपणी अम्माबरोबर जायचे त्याच्याकडे. ब्लाउज कधी वेळेवर मिळाला नाही. दर वेळी तो मान वर न करता म्हणायचा, "सुभाणे अचो." उद्या या.

उद्या! सुभाणे म्हणजे सकाळ नाही, उद्या.

मी धावतच आत गेले. या वेळी नीट, सावकाश विचारलं, "अम्मा, अॼु दवा खाधी?" आज औषध घेतलंस?

"न, पुट. सुभाणे." तिच्या पर्समधली स्ट्रिप काढून बघितली. आजची गोळी जागच्या जागी. डॉक्टरला सांगितलं, माझी ऐकण्यात चूक झाली, गोळी घेतलेली नाही. त्याने मान डोलावली, आधी लिहिलेलं खोडलं आणि दुसरं लिहिलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

त्या रात्री त्याच बाकावर मला माझं उत्तर मिळालं. भाषा येते म्हणजे चुका होत नाहीत असं नाही. आपण चुकलो हे आपलं आपल्याला कळलं, परत जाऊन त्याच भाषेत ती चूक निस्तरता आली आणि तेवढा वेळ समोरच्याने भाषा बदलली नाही, तर ती येते. जर्मन कॉलवर मी चुकलेसुद्धा नव्हते. कुठे चुकायचं हेच मला कळलं नव्हतं.

गंमत म्हणजे आपण मराठीत 'मला भाषा येते' म्हणतो. जणू ती पाहुणी आहे, तिच्या मर्जीने येणार. सिंधीतही अगदी असंच म्हणतात, "मूंखे सिंधी अचे थी." आपण फार तर दार उघडं ठेवायचं.

यंदाची एक्सेल शीट आलीय. सिंधी परदेशी भाषा नाही. १० एप्रिल १९६७ पासून ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे, फक्त तिला स्वतःचं राज्य नाही. आणि माझ्याकडे तिचं सर्टिफिकेट नाही. अरबी वळणाच्या लिपीतली तिची बावन्न अक्षरं मला ओळखता येत नाहीत. म्हणून सिंधी : रीड नाही, राइट नाही, स्पीक... टिक. जर्मनपुढे रीड आणि राइटला टिक, आणि स्पीकच्या चौकोनात फक्त 'ए-टू'. स्टुटगार्ट गेलं तर गेलं. खरं सांगायचं तर बी-वनच्या बॅचची चौकशीसुद्धा केलीय.

टिक करण्याआधी अम्माची परवानगी घ्यायला गेले होते. आता ती ठणठणीत आहे. शेजारीण बसलेली, तिलाच अम्माने सांगितलं, "हिनखे सिंधी अचे थी."

मी खूश! तेवढ्यात अम्माने पुढचं जोडलं.

"थोरी थोरी."