चकाकीपलीकडचें पाणी

पाण्याचें छायाचित्र घेऊं गेलें कीं हातीं बहुधा आकाशच येतें. ही चकाकी दूर सारणारी पोलरायझर नांवाची कांच घ्यावी, असें मीं ठरविलें. पण किंमतींची उतरंड पाहून थबकलों. मग हिशेब केला. माझ्या तीनही भिंगांचीं तोंडें निराळ्या मापांचीं. तेव्हां सर्वांत मोठ्या, ७७ मिलिमीटरच्या मापाची एकच कांच आणि लहान भिंगांसाठीं स्वस्त जोडकड्या घेतल्या. आरशाच्या कॅमेऱ्यांतील ऑटोफोकसचा गोंधळ उडूं नये म्हणून ती ‘सर्क्युलर’ जातीची निवडली. दुकानांतील कांचपेटीकडे तिरपें पाहत ती फिरविली. चकाकी मावळली, रंग पिवळट झाले नाहींत. एवढी परीक्षा मला पुरेशी वाटली.

तिच्या मर्यादाही आहेत. धातूची चकाकी ती पुसत नाहीं. निळें आकाश गडद होतें तें मुख्यतः सूर्यापासून ९० अंशांवर. शिवाय निम्म्याहून अधिक प्रकाश ती गिळते. तरीही ती हवीच. रंग संगणकावर मागाहून खुलवितां येतात; पण चकाकीनें झांकलेला ओढ्याच्या तळाचा गोटा चित्रांत उतरलाच नाहीं, तर तो मागाहून आणावा कोठून?

मात्र सारीच चकाकी पुसली, तर पाणी पाणी वाटत नाहीं. म्हणून कांच फिरवितांना मी थोडें आकाश मुद्दाम राहूं देतों.