मेनचा किनारा : मालकी आणि वहिवाट

अमेरिकेच्या मेन राज्यात नौका नांगरून डिंगीने किनारा गाठणाऱ्यास पाय कोठे ठेवावा, हा प्रश्न पडतो. येथे ओहोटीच्या रेषेपर्यंतची जमीनही बहुधा खाजगी असते. १८२० पर्यंत हा प्रदेश मॅसॅच्युसेट्सचा भाग होता. तेथील १६४० च्या दशकातील कायद्याने या पट्ट्यात मासेमारी, पक्ष्यांची शिकार व नौकानयन हे हक्क जनतेस राखले. १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांत निव्वळ विहार बसत नाही, असा निर्णय दिला. म्हणून किराणा व पाणी भरू पाहणारा जाणता नाविक गावाचा सार्वजनिक धक्का शोधतो. तेथे डिंगी बांधली की रस्त्यापर्यंतची वाट निर्वेध. मालकाचे कुंपण न मोडता वाटसरूची गरज भागविणारा असा धक्का ही गावाची सामायिक ठेवच होय.